शेवटच्या गड्यांची चोरी

१

"आई, ऑफिसात मला चोर ठरवलंय."

चारुशीला एवढं म्हणाली आणि बूट न काढताच सोफ्यावर बसली. प्रेमाबाईंनी टीव्हीचं तोंड बंद केलं. त्यांची सून कुवेतमधल्या रिग्गईच्या त्या फ्लॅटमध्ये बूट घालून कधी उंबऱ्याच्या आत आली नव्हती. इंजिनिअर असली तरी तेवढं वळण तिला होतं.

"कोण म्हणालं? आधी नाव सांग, मग पाणी पी."

"हॉलिस साहेब."

"तो लांबोडा? दिवाळीत माझ्या करंज्या रुमालात बांधून नेल्या तो?"

"तोच."

"करंज्या माझ्या नेल्या नि चोर तू! काय चोरलंस म्हणतो?"

"शेवटच्या गड्यांचा क्रम."

प्रेमाबाई उठत होत्या, त्या पुन्हा खाली बसल्या.

चारुशीलाच्या अमेरिकन कंपनीत दर वर्षी मार्चमध्ये एक खेळ सुरू व्हायचा. बेसबॉल चालायचा तिकडं अमेरिकेत. इकडं कुवेतमध्ये ऑफिसातली माणसं त्या खऱ्या खेळाडूंमधून आपापला कागदी संघ निवडायची. तिकडं गड्यानं पराक्रम केला की इकडं त्याच्या मालकाला गुण. निवडीच्या दिवशी सगळे एकत्र बसून पाळीपाळीनं एकेक गडी उचलायचे, आणि एकानं उचललेला गडी दुसऱ्याला मिळायचा नाही. म्हणून कोणाला कोणाच्या आधी उचलायचं हे ज्यानं त्यानं मनाशी पक्कं करायचं आणि पोटात ठेवायचं.

सगळ्यांत अवघड क्रम शेवटच्या गड्यांचा. चेंडू टाकणारा पहिला माणूस दमलेला असतो, सामना जिंकत आलेला असतो, आणि उरलेला एक डाव निभावून न्यायला ताज्या दमाचा गडी आणतात. घास तोंडाशी आलेला असतो, त्यानं तो फक्त आत ढकलायचा. तेवढ्यातच निम्म्यांना ठसका लागतो. ह्या गड्यांवरून ऑफिसात दर वर्षी इतकी हमरीतुमरी व्हायची, की त्यांचा क्रम आधीच बंद पाकिटात देऊन टाकायचा असा नियम झाला होता.

"आज असमानं पाकिटं फोडली," चारुशीला म्हणाली. असमा ऑफिसची सेक्रेटरी. "साहेबाची यादी नि माझी यादी वरपासून खालपर्यंत एक. एक नाव इकडचं तिकडं नाही. त्याचं पाकीट माझ्या आदल्या दिवशी आलेलं. झालं! म्हणाला, माझ्या टेबलावरची यादी तू बघितलीस."

"नि त्यानं कुठून आणली?"

"कोणा विश्वासू माणसानं त्याला करून दिली म्हणे. नाव सांगणार नाही, शब्द दिलाय. त्या माणसानं एकेका गड्यामागचं कारणही सांगितलंय. मला म्हणाला, यादी तुझी असेल तर तुझी कारणं सांग."

"मग तोंडावर फेकायचीस ना!"

चारुशीला बुटांकडे बघत राहिली. "शुक्रवारी संध्याकाळी निवड आहे. तोवर कबूल केलं तर माफी, नाही तर मी बाहेर. आणि नुसती खेळातून नाही, आई. नवीन युनिटचं काम कुणाकडे द्यायचं ते हॉलिसच ठरवणार आहे. चोराच्या हातात किल्ल्या कोण देईल?"

"ते सगळं कळलं. तू गप्प का बसलीस ते सांग."

चारुशीला गप्प बसली होती, कारण ती यादी तिनं केलीच नव्हती.

२

यादी केली होती प्रेमाबाईंनी.

निफाडच्या शाळेनं त्यांना चौथीत सोडलं असं लोक म्हणत. त्या म्हणत, मी शाळेला सोडलं. त्यानंतर त्यांनी शेती सांभाळली, दोन नणंदांची लग्नं लावली, मुलाला इंजिनिअर केला, आणि नवरा गेल्यावर त्याच मुलाच्या, राजनच्या, हट्टानं कुवेतला आल्या. राजन तेलविहिरीवर, सून ऑफिसात. बाहेर जावं तर वाळू तोंडावर येते, घरात बसावं तर भिंती. राजननं क्रिकेटसाठी डिश बसवली होती, पण दुपारी त्या पेटाऱ्यात बेसबॉलच लागायचा.

पहिले आठ दिवस त्यांनी त्याला शिव्या घातल्या. नवव्या दिवशी त्या बघायला लागल्या. दुसरं वर्ष उजाडेपर्यंत एकूण एक शेवटच्या गड्याला त्यांनी नाव ठेवलं होतं. चेंडू टाकण्याआधी पुटपुटणारा तो भटजी. ज्याच्या रूपासाठी बाया पाट्या घेऊन उभ्या राहायच्या तो दाढीवाला. आणि पट्ट्यावरून ओघळणाऱ्या पोटाचा, डाव्या हातानं टाकणारा, शांत चेहऱ्याचा तो पोटल्या. त्याच्यावर प्रेमाबाईंचा फार जीव.

त्यांची पारख साधी होती. चेंडू किती जोरात जातो हे त्या बघतच नसत. फटका बसल्यावर गडी कसा उभा राहतो ते बघत. लग्नात पंगत बसलेली असताना भात संपतो, तेव्हा कोण रडतो आणि कोण दुसरं पातेलं चढवतो, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. हा खेळ त्यांना वेगळा वाटला नाही.

गेल्या शनिवारी त्यांना इकाम्यासाठी, म्हणजे कुवेतमध्ये राहायच्या परवान्यासाठी, बोटांचे ठसे द्यायला जायचं होतं. ऑफिसचा ड्रायव्हर फारूक रोज चारुशीलाला आणि तिथल्या आणखी दोघांना गाडीतून नेतो. तो म्हणाला, वाटेवरच आहे, मी सोडतो. फहाहीलच्या रस्त्यावर गाड्या खोळंबल्या होत्या. चारुशीला यादी डोक्यात जुळवत होती आणि जुळत नव्हती. तेव्हा प्रेमाबाईंनी तिथंच बसल्या बसल्या सगळा क्रम तोंडी लावून दिला. त्या टोपणनाव घेत, चारुशीला खरं नाव उच्चारून खात्री करून घेई.

"दाढीवाल्याला बघायला गर्दी लोटते गं," त्या म्हणाल्या होत्या, "पण पोटल्या त्याच्यापेक्षा कधीही उजवा. पोटल्या वर, दाढीवाला खाली."

चारुशीलानं कागदावर उतरवलं ते घरी परत आल्यावर, आणि तो कागद तिनं सोमवारी पाकिटात घालीपर्यंत पर्समधून काढला नव्हता.

"म्हणजे कागद कुणी बघितला नाही," प्रेमाबाई आता म्हणाल्या. "माझं बोलणं कुणीतरी उचललं. गाडीत आपण दोघी सोडून तिघं होते. फारूक, मयूर आणि तो निखिल." मग त्यांनी सुनेच्या डोळ्यांत बघितलं. "पण ते नंतर. साहेबासमोर माझं नाव का नाही घेतलंस?"

चारुशीलाचे कान लाल झाले. "सगळे उभे होते, आई. माझी यादी माझ्या सासूनं लावली, ती चौथी शिकलीय नि तिला इंग्रजी येत नाही, असं सांगितलं असतं तर..."

"तर काय?"

"हसले असते."

प्रेमाबाई उठल्या, आत गेल्या, आणि चहाचं आधण ठेवताना पातेलं जरा जोरातच आपटलं. त्या संध्याकाळी त्या सुनेशी एक अक्षर बोलल्या नाहीत. पण चोर कुणाला म्हणायचं आणि हसायचं कुणाला, हे ठरवायला एका लांबोड्याला मोकळं सोडायचं त्यांच्या मनात नव्हतं.

३

फारूक सापडायला सोपा. राजापूरचा माणूस, राहायला खैतानला. ऑफिसच्या सगळ्या गाड्या त्याच्या हाताखाली. चारुशीलाला सोडायला आला तसा प्रेमाबाईंनी त्याला वर चहाला बोलावला.

"काय रे फारूक, मी गाडीत बडबडले ते ऐकलंस तू?"

"मावशी, न ऐकून करतो काय? तुमचा आवाज हॉर्नच्या वर." तो मोकळा हसला. "पोटल्या काय, भटजी काय! घरी जाऊन झुलेखाला सांगितलं, तर ती हसून हसून भात करपवून बसली."

"आणि साहेबाला सांगितलंस?"

हसू तिथंच विरलं. "मावशी, माझ्या भावाच्या व्हिसावर साहेबाची सही व्हायचीय. म्हणून माझ्यावर संशय? अहो, साहेबाशी बोलायचं म्हणजे माझं इंग्रजी गिअरमध्येच पडत नाय. त्याला एकेका गड्याचं कारण कधी सांगणार मी?"

"बायकोनं सांगितलं असेल."

"झुलेखानं? ती फोनवर हॅलो पण मराठीत म्हणते!"

प्रेमाबाईंनी त्याला आणखी एक चकली वाढली. संशय गेला म्हणून नव्हे. खाताना माणूस कसा चावतो ते बघायला. फारूक मन लावून चावत होता.

मयूर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. पुण्याचा, चष्मेवाला, स्वतःच्या शब्दांवर स्वतःच खूश होणारा. नवीन युनिटच्या कामावर चारुशीलाइतकाच त्याचाही डोळा होता, हे प्रेमाबाईंना ठाऊक होतं.

"काकू, मी गाडीत झोपलो होतो," तो म्हणाला. "आणि बेसबॉल म्हणजे माझ्या मते विटीदांडूची श्रीमंत आवृत्ती. मला त्यात रस नाही."

"झोपलेल्या माणसाची मान ब्रेक लागला की पुढं येते. तुमची एकदाही आली नाही."

मयूरनं चष्मा काढून पुसला. त्याची काच स्वच्छच होती. "बरं. जागा होतो. उठलो असतो तर तुम्ही बोलायच्या थांबला असता. आणि तुमचं ते बोलणं..." तो अवघडला. "आमच्या आजीनंतर असं मराठी मी ऐकलं नव्हतं."

"म्हणजे आधी खोटं बोललात."

"बोललो. पण साहेबाकडे मी गेलो नाही."

"काम मिळवायला तर गेला असाल."

"काम मला चारुशीलापेक्षा चांगलं येतं म्हणून मिळायला हवं आहे, काकू!" तो एकदम चिडून म्हणाला. "ती चोर ठरली म्हणून मिळालं तर ते मी घेऊन करू काय?"

तो राग खरा होता की वेळेवर सुचलेला, हे प्रेमाबाईंना कळेना.

निखिल लिफ्टपाशी भेटला. कोवळा इंजिनिअर, कुवेतमध्येच जन्मलेला, आईवडील मूळचे मुंबईचे. त्यानं न सांगता त्यांच्या हातातली भाजीची पिशवी घेतली.

"आंटी, कॅन आय?"

"घे बाबा. मी गाडीत बोलत होते ना त्या दिवशी, ते ऐकलंस का रे तू?"

"नो, आंटी." त्यानं कानाकडे बोट नेलं. "माझा म्युझिक चालू होता. पूर्ण वे. अॅक्च्युअली मला बेसबॉल नाही समजत. मी फुटबॉलवाला."

खरंच, गाडीत त्याच्या कानांत ती काळी बोंडं होती. प्रेमाबाईंनी स्वतः बघितली होती. त्यानं पिशवी दारापर्यंत आणली, "बाय, आंटी" म्हटलं आणि गेला.

एकानं ऐकलं आणि कबूल केलं. एकानं ऐकलं आणि आधी लपवलं. एकानं ऐकलंच नाही. बघावं त्या बाजूनं बोट मयूरकडेच जात होतं.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारुशीला म्हणाली, "आई, मी माफी मागून टाकते."

४

"कशाची माफी?"

"न केलेल्याची. विषय मिटेल. मयूरवर आळ घ्यायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि साहेबासमोर पुन्हा बावळटासारखं उभं राहायचं त्राण नाही."

प्रेमाबाई भाकरी थापत होत्या. पिठाच्या हातानंच त्यांनी सुनेला खाली बसायची खूण केली. "माफी मागितलीस की चोर तू नाहीस, मी झाले. माझी यादी माझ्याच सुनेनं चोरीची ठरवायची? बस. त्या माणसानं साहेबाला कारणं सांगितली ती साहेबानं तुला ऐकवली ना?"

"ऐकवली. तोंडावर फेकली."

"एकेक सांग. शब्द गाळू नकोस."

चारुशीलानं आठवून आठवून सांगितलं. भटजी पुटपुटतो म्हणजे त्याचं मन ठिकाणावर असतं. डुलक्या नावाचा तो दुसरा गडी फटका बसला की मैदानाबाहेर बघतो, म्हणून खाली. सगळं प्रेमाबाईंचंच होतं, फक्त इंग्रजीत जाऊन वाळलेलं.

"नि पोटल्या?"

"ते एक चुकलं होतं. साहेब सुद्धा हसला. पोटल्या दाढीवाल्याच्या वर का, तर म्हणे, पोटल्या उजव्या हातानं टाकतो म्हणून."

प्रेमाबाईंचा हात परातीतच थांबला. "पोटल्या? उजव्या हातानं?"

"हो ना. अख्ख्या अमेरिकेला माहीत आहे, तो डावखुरा आहे ते. साहेब म्हणाला, माझ्या माणसाला खेळ कळत नसेल, पण नजर पक्की आहे."

तव्यावरची भाकरी फुगली, करपली, धूर निघाला, तरी प्रेमाबाई हलल्या नाहीत. मग त्या हसायला लागल्या. चारुशीलानं धावत जाऊन गॅस बंद केला.

"आई? काय झालं?"

"उद्या शुक्रवार. दुपारी तिघांनाही जेवायला बोलाव. फारूकला सांग, नमाज आटपून ये. आणि त्या लांबोड्याला पण बोलाव."

"साहेबाला? तो कशाला येईल?"

"चोराच्या घरी एकदा जेवून बघा म्हणावं. करंज्या आठवल्या की येईल." त्यांनी करपलेली भाकरी बाजूला टाकली. "नि काळ्या मसाल्याचा डबा काढ. आमट्या दोन करायच्यात. एक माझ्या हातची नीट."

"आणि दुसरी?"

"दुसरीत मीठ नाही, मसाला नाही. धुणं धुतलेल्या पाण्यासारखी झाली पाहिजे."

५

हॉलिस साहेब आला. दाराच्या चौकटीखालून मान वाकवून आत शिरला, हातात फुलं, आणि चेहरा मयताला आल्यासारखा. त्याला प्रेमाबाईंनी खिडकीपाशी बसवलं, जिथून सगळे दिसतील. समोर फारूक, मयूर, निखिल. राजन आदल्या दिवशीच विहिरीवरून आला होता. त्याला त्यांनी बजावलं होतं, वाढ आणि तोंड उघडू नकोस.

प्रत्येक पाहुण्याच्या ताटापुढं दोन वाट्या होत्या. डावीकडच्या वाटीत काळी, तवंग आलेली आमटी. उजवीकडच्या वाटीतही आमटीच, त्याच रंगाची. चारुशीलानं कोळसा उगाळला की काय केलं, देव जाणे.

"ह्या घरची रीत आहे," प्रेमाबाई म्हणाल्या. रीत त्यांनी सकाळीच काढली होती. "जेवायच्या आधी पाहुण्यानं न्याय करायचा. ह्या दोन आमट्यांतली उजवी कोणती, ते सांगायचं. पण माझ्या कानात. एकाचं ऐकून दुसऱ्यानं सांगायचं नाही."

चारुशीला साहेबाला इंग्रजीत समजावत होती. साहेबानं भुवया उंचावल्या, पण मान डोलावली.

फारूकनं दोन्ही वाट्यांत बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं, आणि प्रेमाबाईंच्या कानाशी लागला. त्यांनी मान हलवली.

मयूरनं चमचा घेतला, दोन्ही चाखल्या, दुसऱ्या वाटीनंतर घाईघाईनं पाणी प्यायला. मग तो कानात असं काही बोलला की प्रेमाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आता तू, बाळा."

निखिलनं चमच्याला हात लावला नाही. त्यानं एकदा दोन्ही वाट्यांकडे बघितलं, जरा गोंधळून, एवढ्या सोप्या प्रश्नाचं काय कोडं म्हणून. मग उजव्या हाताकडची वाटी उचलून दाखवली.

"धिस वन, आंटी. ही."

"चाखली नाहीस?"

"चाखायला... व्हाय?"

मयूर हळूहळू मान वळवून निखिलकडे बघायला लागला.

६

"चारू, आता मी बोलते ते साहेबाला सांग. पदरचं काही घालू नकोस." प्रेमाबाई उभ्या राहिल्या. "ह्या फारूकनं कानात सांगितलं, मावशी, डावीकडची, दुसरीत मीठ विसरलात काय? ह्या मयूरनं सांगितलं, काकू, डावीकडचीच उजवी. दोघांनी आधी चाखली. कारण मराठी माणसाला उजवं म्हटलं की चांगलं, सरस, वरचढ. हात कुठला ते नंतर."

साहेब पुढं झुकून ऐकत होता.

"मी गाडीत म्हणाले, पोटल्या दाढीवाल्यापेक्षा उजवा. फारूकनं चोरलं असतं तर साहेबाला त्यानं काय सांगितलं असतं? पोटल्या चांगला. मयूरनं चोरलं असतं तर तेच, जरा सजवून. पोटल्या उजव्या हातानं टाकतो, असं एकच माणूस सांगू शकतो. ज्याच्या कानावर माझं मराठी पडलं, पण अर्ध्या वाटेतच संपलं. आणि जो फुटबॉलवाला आहे, म्हणून पोटल्याचा हात कधी बघितलेला नाही."

"पण आई," राजनला राहवलं नाही, "त्याच्या कानात गाणी होती."

"बोंडं होती. गाणी होती हे तो म्हणाला. बोंडांच्या वायरीचं टोक कशाला जोडलेलं होतं की नुसतंच लोंबत होतं, ते कुणी बघितलं?" त्या साहेबाकडे वळल्या. "तुम्ही शब्द दिलाय, नाव सांगू नका. मी विचारतच नाही. मला ठाऊक आहे. मी फक्त एवढंच म्हणते, ती यादी ह्या घरातून तुमच्याकडे गेली. तुमच्याकडून ह्या घरात आलेली नाही."

हॉलिसनं कुणाचं नाव घेतलं नाही. पण सगळा वेळ तो ज्याच्याकडे बघणं टाळत होता, त्याच्याकडे आता त्यानं सरळ बघितलं.

निखिलनं हातातली वाटी खाली ठेवली. "माझा प्रोबेशन संपतोय," तो म्हणाला. "कन्फर्म नाही झालो तर इकामा नाही. डॅडच्या व्हिसावर आता नाही राहता येत, मी मोठा झालो ना. मग जायचं. कुठे जायचं, आंटी? मी इथलाच आहे. सरांना माझं नाव पण माहीत नव्हतं. आय जस्ट वॉन्टेड... त्यांना माझं नाव माहीत व्हावं. चारूदीदीला प्रॉब्लेम होईल असं नाही वाटलं."

"आणि झाला तेव्हा?"

निखिलनं वाटी आणखी थोडी दूर सरकवली.

"नोकरी हवी होती तर नोकरी मागायची," प्रेमाबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, म्हणूनच तो जास्त लागला. "माझा पोटल्या कशाला नेऊन दिलास? तिच्याकडे बघ. इंग्रजीत नको. मराठीत सांग."

"चारूदीदी," निखिल शब्द शोधत म्हणाला, "माझा चूक झाला."

"माझी चूक झाली," मयूर पुटपुटला. सवयीनं.

"तुम्ही गप्प बसा. चूक त्याची आहे, त्याला हवी तशी म्हणू दे."

साहेब उभा राहिला. चारुशीलाकडे वळून त्यानं लांबलचक, अवघडलेली, टेक्सासच्या चालीची माफी मागितली. मग त्यानं विचारलं, पण कारणं विचारली तेव्हा तू गप्प का होतीस?

चारुशीलानं सासूकडे बघितलं. मग साहेबाकडे. आणि असमा, ऑफिस, अमेरिका, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत म्हणाली, "कारण यादी माझी नव्हती. ही माझ्या सासूबाईंची. चौथी शिकल्यात. तुमच्या देशातला एकूण एक शेवटचा गडी त्या चेहऱ्यानं ओळखतात. मला सांगायची लाज वाटली, आणि आता त्या लाजेचीच लाज वाटते."

प्रेमाबाईंना शब्द कळले नाहीत. पण सुनेनं स्वतःच्या छातीकडे नव्हे, त्यांच्याकडे बोट केलं होतं, तेवढं कळलं.

हॉलिस हसला नाही. तो थक्क होऊन म्हणाला, "ह्यांनी?" आणि मग विचारलं, ह्या मुलाचं काय करू?

"तुमचं ऑफिस, तुम्ही बघा," प्रेमाबाई म्हणाल्या. "काम येत असेल तर कामावरून जोखा. माझ्या घरचा न्याय वेगळा. त्यानं निवडलेली वाटी त्यानं संपवायची. तळाशी थेंब नको."

निखिलनं ती आळणी आमटी डोळे मिटून शेवटपर्यंत प्यायली. फारूकनं न राहवून त्याच्या ताटात लोणचं सरकवलं, आणि प्रेमाबाईंनी ते बघितलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी सबाह अल-सालेमला, हॉलिसच्या घरी, मोठ्या फळ्याभोवती ऑफिसातली सगळी माणसं जमली होती. असमानं प्रेमाबाईंसाठी पहिल्या रांगेत, एसीच्या झोतापासून दूर, खुर्ची मांडली. हॉलिसनं आपली यादी सर्वांसमोर फाडली आणि ती का फाडली हेही सांगितलं. मग तो प्रेमाबाईंपाशी येऊन वाकला. चारुशीलानं सांगितलं, "आई, साहेब विचारतोय, एकच प्रश्न विचारू का?"

"नाही म्हणावं."

सगळे हसले. हॉलिस सर्वांत मोठ्यानं.

शेवटच्या गड्यांची पाळी आली. चिठ्ठीत पहिला नंबर हॉलिसचा लागला. त्यानं डोकं खाजवलं, आणि दाढीवाला उचलला. प्रेमाबाईंनी पदराच्या टोकाशी चाळा केला, एवढंच. दुसऱ्या नंबरवर चारुशीला उठली आणि पोटल्याचं नाव असं खणखणीत घेतलं, की मागचे दोन गोरे कपाळावर हात मारून बसले.

फळ्यावर प्रत्येक संघाच्या डोक्यावर मालकाचं नाव होतं. चारुशीलानं खडूसारखा दिसणारा तो पेन घेतला, आपलं नाव पुसलं, आणि त्या इंग्रजी नावांच्या रांगेत मराठीत एक नाव लिहिलं.

प्रेमाबाई डोळे बारीक करून वाचू लागल्या. जोडाक्षराशी जरा थबकल्या, मग पुढं सरकल्या. प्रे. मा. बा. ई. वाचून झाल्यावर त्यांनी ते एकदा पुन्हा वाचलं.

"चारू."

"काय, आई?"

"अक्षर फार बारीक काढलंस. पुसून मोठं काढ. मागं बसलेल्यांना दिसायला नको?"